पोलिसांनी लिहून घेतलं म्हणून...



बरेच दिवस इकडं फिरकलो नाही. आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग घरातलं लग्न, मग पाहुणे. आज बसलोय तो जरा रागातच बसलोय. रागाच्या भरात निबंध लिहू नये असं मी तेहतीस वर्षं पोरांना सांगत आलो आणि त्यापायी कित्येकांचे गुण कापले. आज माझे कापा.

त्याचं असं झालं. आमचा एक भाचा नोकरीनिमित्त आयर्लंडात, डब्लिनला असतो. रविवारी त्याचा फोन येतो. मामाला रेडिओचं वेड आहे हे त्याला लहानपणापासून ठाऊक. (मुदखेडच्या जुन्या घरातल्या रेडिओच्या काट्याला हात लावला म्हणून त्यानं माझा मारही खाल्लाय.) मागच्या महिन्यात म्हणाला, "मामा, तुम्हाला एक गंमत पाठवतो. हेडफोन लावून ऐका."

ऐकलं. खरखर, मग एक इंग्रजी गाणं, मग एक पोरगा भरभर काहीतरी बोलतो (निम्मं कळलं नाही), मग कुठल्याशा दुकानाची जाहिरात, पुन्हा गाणं. मधेच त्याला खोकला येतो. म्हटलं यात गंमत काय? तर भाचा म्हणाला, "मामा, हे चाळीस वर्षांपूर्वीचं आहे. आणि हे स्टेशन बेकायदा होतं."

इंग्रजीत अशा विनापरवाना स्टेशनांना पायरेट रेडिओ म्हणतात. पायरेट म्हणजे समुद्रावरचे चाचे! आयर्लंडात रेडिओ म्हणजे आरटीई ही एकच सरकारी संस्था. तरुण पोरांना हवी ती गाणी तिथं पुरेशी लागत नव्हती. मग लोकांनी स्वतःच ट्रान्समीटर जोडले आणि घरातून, दुकानाच्या माडीवरून बोलायला सुरुवात केली. १९८१ साली सुरू झालेल्या रेडिओ नोव्हाचा आवाज एफएमवर इतका स्वच्छ होता की सरकारी केंद्राचे श्रोते तिकडं पळाले. १९८३ ला त्यावर धाड पडली, यंत्रं उचलून नेली, तर लोक त्यांच्या बाजूनं रस्त्यावर उतरले. शेवटी १९८८ चा कायदा आला आणि त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत बहुतेक चाच्यांनी आपला पसारा आवरला.

इथवर ठीक. आता ऐका. ही रेकॉर्डिंगं सरकारनं केली नाहीत. घरी बसून ऐकणाऱ्या लोकांनी केली. रेडिओ-कम-टेपरेकॉर्डर समोर ठेवायचा, कॅसेट घालायची, बटण दाबायचं. त्या कॅसेटी वर्षानुवर्षं खोक्यांत पडून राहिल्या. आता तिथल्या हौशी मंडळींनी त्या एकेक करून संगणकावर उतरवल्या, प्रत्येकीवर स्टेशनचं नाव, तारीख, शक्य तिथं बोलणाऱ्याचं नाव घातलं आणि कुणालाही फुकट ऐकता येतील अशा ठेवल्या. डब्लिनच्या एका विद्यापीठानंही अशा रेडिओंचा संग्रह आपल्याकडं घेतलाय.

म्हणजे गाणी लावणाऱ्या पोरांचा खोकलासुद्धा त्यांनी जपला. आणि मला राग आला तो इथं.

कारण आपल्याकडंही चाचे होते की! आणि ते गाण्यांसाठी जमले नव्हते.

९ ऑगस्ट १९४२ ला पहाटे गांधीजींसह सगळे मोठे पुढारी धरले गेले. वर्तमानपत्रांचे हात बांधलेले. तेव्हा मुंबईत बावीस वर्षांची उषा मेहता नावाची मुलगी, तिचे बाबूभाई खाखर, चंद्रकांत झवेरी, विठ्ठलदास झवेरी असे सोबती, पाठीशी राममनोहर लोहिया आणि यंत्रसामग्रीला शिकागो रेडिओ कंपनीचे नानक मोटवाने, अशांनी मिळून गुप्त 'काँग्रेस रेडिओ' उभा केला. २७ ऑगस्टपासून बोलणं सुरू. ४२.३४ मीटरवर, "हिंदुस्थानात कुठूनतरी" असं सांगून. हे "कुठूनतरी" म्हणजे मुंबईच! पोलिसांची गाडी माग काढत फिरायची म्हणून पुन्हा पुन्हा जागा बदलायची. चितगावची बॉम्बफेक, जमशेदपूरचा संप या बातम्या त्यांनी दिल्या. आपल्या विदर्भातल्या आष्टी आणि चिमूरला लोकांवर काय अत्याचार झाले तेही या रेडिओनं देशाला सांगितलं. १२ नोव्हेंबरला धाड पडली. तीन महिनेसुद्धा भरले नाहीत. बाबूभाईंना पाच वर्षं, उषाताईंना चार वर्षं शिक्षा झाली. त्या येरवड्यातून सुटल्या १९४६ ला.

धाडीत नुसतं यंत्र गेलं नाही. काँग्रेस अधिवेशनांचे फोटो आणि बोलक्या फिल्म भरलेल्या बावीस पेट्या पोलिसांनी नेल्या, असं उषाताईंनी स्वतः सांगून ठेवलंय.

आता प्रश्न असा की त्या अडीच महिन्यांत काय काय बोललं गेलं ते आज आपल्याला कशामुळे कळतं? तर पोलिसांमुळे! खटल्यासाठी पुरावा हवा म्हणून त्यांची माणसं रोज ऐकत बसली आणि शब्दन् शब्द टिपून घेतला. उषा ठक्कर यांचं काँग्रेस रेडिओवरचं इंग्रजी पुस्तक २०२१ ला आलं, त्यात त्या टिपणांमधला प्रसारणांचा मजकूर आहे. उत्तम काम आहे, जरूर वाचा. पण वाचताना मनात काट्यासारखं टोचत राहतं, की ज्यांना हा आवाज बंद करायचा होता त्यांच्या कागदांवर आपण आज उभे आहोत. आपल्या बाजूच्यांना दोष देत नाही मी. जीव मुठीत धरून बोलणारा माणूस स्वतःला रेकॉर्ड करत बसत नाही, आणि १९४२ ला घरोघरी टेपरेकॉर्डरही नव्हते. पण नंतर? उषाताई ११ ऑगस्ट २००० पर्यंत होत्या. सुटल्यापासून चोपन्न वर्षं! त्या मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवत होत्या, १९९८ ला त्यांना पद्मविभूषण मिळालं. काही हिमालयात जाऊन बसल्या नव्हत्या.

मी भाच्याला म्हटलं, मला उषाताईंचा आवाज ऐकायचाय, बघ मिळतो का. त्यानं शोधला. कुठं मिळाला सांगू? केंब्रिजला! तिथल्या दक्षिण आशिया अभ्यास केंद्रानं आपल्या स्वातंत्र्यलढ्यातल्या बऱ्याच लोकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून ठेवल्यात, त्यात उषाताईंची १९६९ सालची मुलाखत आहे. ज्यांच्या राज्याविरुद्ध ही मुलगी बोलली, त्यांच्या विद्यापीठानं तिचा आवाज जपला आणि मी मुदखेडमध्ये बसून तो तिथून ऐकला. आपण काय केलं? २०२४ ला तिच्यावर 'ऐ वतन मेरे वतन' हा सिनेमा काढला. काढावा, पोरांना नाव तरी कळलं. पण त्या पोरांना आता उषा मेहता म्हटलं की आवाज आठवणार सारा अली खानचा.

माझे एक निवृत्त सहकारी रोज सकाळी स्टेशनपर्यंत फिरायला सोबत असतात. त्यांच्यापुढं मी हे सगळं ओकलो. ते शांतपणे म्हणाले, "मजकूर आहे ना? मग आवाजाचं काय लोणचं घालायचंय?"

हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही, कारण शंभरातल्या नव्वद शिकलेल्या माणसांचं मत हेच असतं. आपल्याला कागदावर फार विश्वास. सातबारा आहे म्हणजे जमीन आहे! पण मी भाषेचा मास्तर आहे हो. 'बसा' हा एक शब्द घ्या. सोयऱ्याला म्हटलेला 'बसा', वर्गात उत्तर न आलेल्या पोराला म्हटलेला 'बसा' आणि दारात आलेल्या सावकाराला म्हटलेला 'बसा'. कागदावर तिन्ही सारखेच. पोलिसांचा लेखनिक काय लिहिणार? कोर्टात चालेल तेवढंच. बोलणारीचा घसा कोरडा पडला होता का, ती वाचून दाखवत होती की मनातून बोलत होती, मागं कुणी कुजबुजलं का, हे लिहिण्याचा त्याला पगार नव्हता. शेवटच्या रात्री पोलीस दारं तोडून आत आले तेव्हा 'वंदे मातरम्'ची रेकॉर्ड लागलेली होती आणि ती थांबवायला आम्ही नकार दिला, असं उषाताई सांगत. ही दारं तुटतानाची रेकॉर्ड ऐकायला मिळाली असती तर मी इतिहासाच्या तासाला दुसरं काही शिकवलंच नसतं.

दुसरी गोष्ट बेकायदापणाची. त्याच सहकाऱ्यांचं म्हणणं, "पण ते आयरिश लोक कायदा मोडणारे होते, त्यांचं कसलं कौतुक?" अहो, आपण कुठं बसून बोलतोय? हा नांदेड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. इथं परवानावाला रेडिओ कोणता? डेक्कन रेडिओ, निजाम सरकारचा! सप्टेंबर १९४८ मध्ये आमचे वडील एका अडत्याच्या दुकानासमोर घोळक्यात उभे राहून ऐकायचे. एक स्टेशन एक सांगायचं, दुसरं भलतंच सांगायचं. वडील म्हणायचे, कोण खरं बोलतोय ते बोलणाऱ्याच्या आवाजावरून कळायला लागलं होतं. १७ सप्टेंबरला निजामानं त्याच रेडिओवरून लढाई थांबल्याचं सांगितलं. तेव्हा कायदेशीर कोण आणि चाचा कोण हे बोलण्याच्या वेळी ठरत नसतं. जपून ठेवलं तर पुढचे लोक ठरवतील. टाकून दिलं तर त्यांना ठरवायला काय उरणार?

गोव्याचंही तेच. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांनी २५ नोव्हेंबर १९५५ पासून डिसेंबर १९६१ पर्यंत गोव्याच्या स्वातंत्र्याचा गुप्त रेडिओ चालवला. आधी आंबोलीच्या रानातून, मग कॅसलरॉकहून. कोकणीत आणि पोर्तुगीजमध्ये. सहा वर्षं! पावसाळे मोजा आंबोलीचे. गोवा सुटल्याचं त्या दोघांनी विमानातून भोंग्यावर जाहीर केलं. पुढं दोघांनी लग्न केलं. लिबियाताईंना पद्मश्री जाहीर झाली ती २०२५ ला, म्हणजे वयाच्या शंभराव्या वर्षी. बातमी वाचून मला आनंद झाला आणि लगेच हिशोबही सुचला. सहा वर्षांच्या त्या बोलण्यापैकी किती मिनिटं गोव्यातलं एखादं पोर आज शाळेच्या बाकावर बसून ऐकू शकतं? सनद देता येते, शाल देता येते. तेवढ्यावर भागतं आपलं.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, दुसऱ्यांना शिव्या घालणं सोपं आहे, तुम्ही काय दिवे लावलेत? बरोबर आहे. सांगतो. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, घरच्यांनासुद्धा.

१९९८ म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्रामाचं सुवर्णमहोत्सवी वर्ष. मी नववीच्या पोरांना घेऊन मुदखेड आणि आजूबाजूच्या गावांतल्या अकरा वृद्धांच्या आठवणी टेप केल्या. नऊ कॅसेटी झाल्या. पोरं काय उत्साहात होती! सायकलवर टेपरेकॉर्डर बांधून न्यायचो, वीज नसली तर सेल घालायचे.

त्यातले एक आजोबा उमरीच्या बँकेच्या प्रकरणात होते. होते म्हणजे तेव्हा ते कोवळं पोरगं, निरोप पोचवायचं काम. उमरी इथून रेल्वेनं जवळच. ३० जानेवारी १९४८ ला मुक्तिसंग्रामातल्या लोकांनी तिथली बँक लुटली, जवळपास वीस लाख रुपये, लढ्याच्या खर्चासाठी. तारीख ध्यानात आली ना? त्याच दिवशी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. आजोबांनी बोलायच्या आधी मशीनकडं बोट दाखवून विचारलं, "हे सगळं ऐकू लालंय का गुरुजी? मंग खरंच सांगावं लागल!" पोरं हसली. मग त्यांनी सगळं सांगितलं, आणि गांधीजींची बातमी आली त्या जागेवर आले तसे थांबले. फार वेळ थांबले. घरातून जात्याचा आवाज येत होता तोही बंद झाला, कारण आजीबाई आत ऐकत होत्या. माझ्या वहीत त्या जागेवर काय लिहिलंय? "दोन्ही बातम्या एकाच रात्री कळल्या." बस्स. एवढंच.

कॅसेटीचं काय झालं? त्यातल्या पाच मी एका समितीच्या कार्यालयात दिल्या, स्मरणिकेसाठी. पोच घेतली होती. वर्षभरानं गेलो तर म्हणाले शोधून ठेवतो, पुढच्या वर्षी गेलो तर साहेब बदललेले, त्यापुढच्या वर्षी कपाट बदललेलं. आपण असेच आहोत.

पण आजोबांची कॅसेट त्यात नव्हती. ती माझ्याच घरात होती. २००१ साली दहावीच्या पोरांसाठी कवितांच्या चाली टेप करायच्या होत्या, रात्रीची वेळ, हाताला लागली ती कॅसेट घातली आणि बटण दाबलं. कॅसेटच्या पाठच्या कडेला दोन छोट्या प्लॅस्टिकच्या चकत्या असतात. त्या मोडल्या की वरून पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. दोन सेकंदांचं काम. मी मोडल्या नव्हत्या. आजोबांच्या आवाजावर मी माझा आवाज चढवला, चालीसुरात! दोन दिवसांनी लक्षात आलं. आजोबा तोवर वारले होते.

माझ्या कविता संपतात तिथं पुढं त्यांचा चाळीसेक सेकंदांचा आवाज उरलाय. त्यात ते म्हणतात, "झालं का? बंद करा आता ते, आन् च्या घ्या." एवढा खजिना.

म्हणून तर भाच्यानं पाठवलेला तो आयरिश पोराचा खोकला मला झोंबला. त्यांच्याकडच्या कुणीतरी, पगार नसताना, कुणी सांगितलं नसताना, कॅसेटवर तारीख लिहिली आणि त्या दोन चकत्या मोडल्या.

"हे सरकारनं करायला पाहिजे" हे वाक्य मला आता ऐकवू नका. सरकारनं करावंच, त्याला नको कोण म्हणतं? पण आयर्लंडच्या सरकारनं त्या स्टेशनांवर धाडी घातल्या आणि जपणूक घरोघरच्या लोकांनी केली. आपल्याकडं मुंबईच्या पोलिसांनी लिहून घेतलं आणि आपण अजून कुणीतरी पुढं येईल म्हणून वाट बघतोय. दर १७ सप्टेंबरला झेंडा होतो, तीच पाच नावं घेतली जातात, लाडू वाटतात. पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवलेल्या म्हाताऱ्याला हार घालतात आणि त्याच्या हातात माइक द्यायला वेळ उरत नाही, कारण पाहुण्यांची भाषणं लांबतात. दरवर्षी त्या खुर्च्या कमी होत चालल्यात. १९४८ ला जो पंधरा वर्षांचा होता तो आज नव्वदीच्या पुढं आहे. आणि आज प्रत्येकाच्या खिशात टेपरेकॉर्डर आहे! त्यावर आपण काय करतो? गुड मॉर्निंगची फुलं पाठवतो. (मुदखेडच्या माणसाला फुलं पाठवताय होय? इथं शेतात पिकतात ती. :) )

तर नातेवाईक मंडळींना हे उघड पत्र समजा. ज्यांच्या माळ्यावर, ट्रंकेत, दिवाणात जुन्या कॅसेटी आहेत त्यांनी त्या दिवाळीला येताना घेऊन या. लग्नाच्या असोत, बारशाच्या असोत, आजीच्या ओव्यांच्या असोत. 'काही नाही त्यात' असं ठरवून फेकू नका, ऐकल्यावर ठरवू. बुरशी आली असेल तर घरी पुसत बसू नका आणि मशीनमध्येही घालू नका, तशाच आणा. माझ्याकडच्या उरलेल्या तीन कॅसेटींपैकी एक अशीच घाईनं लावली आणि फीत तुटली. स्टेशनजवळच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून मी जुना प्लेअर ठीकठाक करून घेतलाय. नात एक वायर लावून ते संगणकावर उतरवते. आल्याबरोबर पहिलं काम म्हणजे त्या दोन चकत्या मोडायच्या, मग नाव, गाव, साल लिहायचं. साल आठवत नसेल तर कुणाचं लग्न झाल्यावरचं तेवढं लिहा, मी काढतो हिशोब.

आणि मुगटला एक आजी आहेत, चौऱ्याण्णव वर्षांच्या. रजाकारांच्या वेळी गाव सोडून रानात राहिलेल्या. ऐकू कमी येतं, पण बोलतात खणखणीत. येत्या गुरुवारी सकाळी मोबाइल आणि सोबत एक जास्तीचा मोबाइल घेऊन मी तिकडं चाललोय. कुणाला यायचं असेल तर या. फक्त त्या थांबल्या तर मधे कुणी बोलायचं नाही.